तीन कोटेशनं, एक सर्व्हर रूम: सोसायटीसाठी सॅन कुठलं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणीत मुख्यालय असलेली सौहार्द सोसायटी, म्हणजे सहकारी पतसंस्था. चिकोडी, हुक्केरी, अथणी, खानापूर मिळून पस्तीसेक शाखा. आणि आता बेळगावात नवी सर्व्हर रूम. आज तीन सर्व्हर आहेत, त्यांवर विंडोज सर्व्हर २०२२ चं हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय), आणि आत एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं बँकिंग सॉफ्टवेअर. एक लहान सोसायटी विलीन होणार असल्यानं दोन वर्षांत सर्व्हर सहा होतील. या सर्व्हरांना सामायिक स्टोरेजशी, म्हणजे डिस्कांच्या पेटीशी, जोडणारं नेटवर्क (सॅन) हवंय, आणि त्यासाठी हातात तीन कोटेशनं आलीत. बेंगळूरचा विक्रेता ३२ गिगाबिट फायबर चॅनेल देतोय. पुण्याचा २५ गिगाबिट इथरनेटवर एनव्हीएमई (फ्लॅश डिस्कांसाठीची आज्ञापद्धती) ओव्हर टीसीपी देतोय. बेळगावचाच एक जण म्हणतोय, "आहे त्या स्विचवर आयस्कझी लावून देतो, उगाच खर्च कशाला?" तिन्ही सर्व्हर आणि स्टोरेज जोडायच्याच पद्धती. तिघांत बरोबर कोण, आणि फायबर चॅनेल खरंच संपलं का, हे तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देतो. आयस्कझी घ्या, पण तिसऱ्या कोटेशनातलं नको. फक्त स्टोरेजसाठी दोन वेगळे २५ गिगाबिट स्विच घ्या, आणि स्टोरेज असं निवडा की पुढं त्याच पोर्टांवर एनव्हीएमई ओव्हर टीसीपी चालू करता येईल. फायबर चॅनेल संपलेलं नाही. तुम्हाला ते लागत नाही, एवढंच. कारणं सांगायला थोडं लांबण लागेल.

पहिली गोष्ट, तिन्ही विक्रेत्यांपैकी एकानंही तुमच्याकडं येऊन काही मोजलेलं दिसत नाही. कोटेशनात सगळीकडं गिगाबिटचे आकडे आहेत, तुमच्या कामाचा एकही नाही. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये चार काउंटर लावा: सेकंदाला रीड किती, राइट किती, आणि प्रत्येक रीडला व प्रत्येक राइटला सरासरी वेळ किती. आठवडाभर चालू ठेवा, पण आठवडा नीट निवडा. तुमच्याकडं खरा ताण येतो तो संध्याकाळी पिग्मी एजंटांची यंत्रं एकदम जोडली जातात तेव्हा, तिमाही व्याज खात्यांवर चढतं तेव्हा, आणि ३१ मार्चला. (पिग्मी ही कर्नाटकाची खास देणगी. पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं ती १९२८ साली सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. त्या दोन आण्यांच्या नोंदी आज तुमच्या एसक्यूएल लॉगमध्ये पडताहेत.)

समजा, गर्दीच्या वेळी सेकंदाला ५,००० वाचन-लेखनं होतात. एसक्यूएल सर्व्हरचं पान, म्हणजे एका वेळी वाचायचा-लिहायचा तुकडा, ८ किलोबाइटचं. म्हणजे झाले सेकंदाला ४० मेगाबाइट. दहा गिगाबिटची एक साधी तार प्रत्यक्षात सेकंदाला १,१०० मेगाबाइटच्या आसपास वाहून नेते. ३२ गिगाबिट फायबर चॅनेलचा एक पोर्ट एका दिशेनं ३,२०० मेगाबाइट नेतो. घागरभर पाणी न्यायचंय आणि विक्रेते टँकरच्या आकारावरून भांडताहेत, असा हा प्रकार आहे. तारेची जाडी कामाला येते ती बॅकअपला. ६ टेराबाइट डेटा सेकंदाला एक गिगाबाइट वेगानं काढायला १०० मिनिटं लागतात. रात्रीत ते आरामात बसतं.

रोजच्या कामात जाणवते ती दिरंगाई, म्हणजे एका वाचनाला लागणारा वेळ. आणि तिचा मोठा वाटा प्रोटोकॉलमध्ये नसतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या फिरत्या डिस्कला नुसता अर्धा फेरा पूर्ण करायला ४ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, डोकं सरकण्याचा वेळ वेगळाच. १५,००० फेऱ्यांच्या डिस्कला तोच अर्धा फेरा २ मिलिसेकंदांचा. फ्लॅशमधून, म्हणजे फिरणारं काही नसलेल्या चिपांमधून, तेच वाचन मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होतं. तुमच्या जुन्या डिस्का जाऊन फ्लॅश आलं की शाखांतले कॅशियर "आज सिस्टीम पळायलीय की" म्हणतील, मग खाली फायबर चॅनेल असो वा आयस्कझी. प्रोटोकॉलांमधला फरक मायक्रोसेकंदांत मोजायचा असतो. ट्रेडिंग करणाऱ्यांना त्याचा फरक पडतो. सोनेतारण कर्जाच्या पावतीला पडत नाही.

मग हे सगळे प्रकार आहेत तरी कशासाठी? आपल्याकडं साखर कारखाना सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून त्याच्याच उदाहरणानं सांगतो.

गळीत हंगामात उसाच्या गाड्या कारखान्याकडं निघतात. यार्डात जागा मर्यादित आणि गव्हाणीचा वेग ठरलेला. फायबर चॅनेलची पद्धत अशी की शेतातून निघायलाच चिठ्ठी लागते, आणि यार्डात जितक्या मोकळ्या जागा तितक्याच चिठ्ठ्या. गाडी रिकामी झाली की तिची चिठ्ठी मागं फिरते, मग पुढची निघते. त्यामुळं वाटेत ऊस टाकून द्यायची वेळ येत नाही. या चिठ्ठ्यांना तिथं बफर क्रेडिट म्हणतात. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २,११२ बाइट डेटा जातो, आणि एक फ्रेम म्हणजे एक चिठ्ठी.

साध्या इथरनेटवर टीसीपी (इंटरनेटची नेहमीची पाठवणीची पद्धत) चालतं ते असं: गाड्या सुटतात, यार्ड भरलेलं असेल तर गाडीतला ऊस रस्त्याकडेला टाकला जातो, आणि शेतकरी तोच ऊस पुन्हा पाठवतो. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण टीसीपी शहाणं आहे. ऊस पडायला लागला की ते स्वतःच गाड्या कमी सोडतं. यार्ड मोठं असेल आणि रस्ता फक्त उसाचाच असेल, तर पडझड जवळजवळ होतच नाही. आयस्कझी आणि एनव्हीएमई ओव्हर टीसीपी, दोन्ही याच रस्त्यानं जातात.

तिसरी पद्धत एफसीओई (इथरनेटवरून फायबर चॅनेल) आणि रॉकी (इथरनेटवरून थेट मेमरीत डेटा नेणारं तंत्र) यांची. यार्ड भरलं की कारखाना हायवेवर हात दाखवतो: ही लेन थांबवा. मग मागचं संकेश्वर थांबतं, त्याच्या मागचं निपाणी थांबतं, आणि त्या लेनमध्ये अडकलेला दुधाचा टँकरही थांबतो, ज्याचा कारखान्याशी काही संबंध नाही. याचं तांत्रिक नाव प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल. नीट बसवलं तर छान चालतं. एका स्विचवर एक आकडा चुकला तर दोष कुठं आहे हे शोधण्यात आठवडा जातो.

आता एकेक.

फायबर चॅनेलबद्दल मला आदर आहे. मी स्टोरेजचं काम त्यावरच शिकलो, ४ गिगाबिटच्या काळात. १९९४ साली त्याला अमेरिकेच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली आणि तेव्हापासून ते एकच काम करतंय: सर्व्हरपासून डिस्कपर्यंत ब्लॉक, म्हणजे डेटाचे तुकडे, नेणं. त्यावर कुणी व्हिडिओ पाहत नाही, कुणी सीसीटीव्ही जोडत नाही. दोन फॅब्रिक (स्विचांची जाळी) असतात, अ आणि ब, एकमेकांना कधीच न जोडलेले. प्रत्येक कार्डाला ६४ बिटांचा जगात एकच असा नंबर असतो, आणि स्विचवर झोन करून कुठल्या सर्व्हरनं कुठलं स्टोरेज पाहायचं ते ठरवता येतं. एका झोनमध्ये एकच सर्व्हर-पोर्ट ठेवायचा हा नियम पाळला तर वर्षानुवर्षं त्याकडं बघावं लागत नाही. मोठ्या बँका, विमा कंपन्या, मेनफ्रेमवाले आजही त्यावरच आहेत. ६४ गिगाबिटची पिढी बाजारात आहे आणि एनव्हीएमई त्याच स्विचांवरून जातं. त्यामुळं "फायबर चॅनेल संपलं" असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडं ते विकायला नसतं, असं समजा.

पण त्याची दुसरी बाजू. स्विच बनवणारे खऱ्या अर्थानं दोघेच उरलेत: ब्रोकेड, जी २०१७ पासून ब्रॉडकॉमकडं आहे, आणि सिस्को. सर्व्हरमधल्या कार्डांचंही तसंच: ब्रॉडकॉमचं एम्युलेक्स आणि मार्व्हेलचं क्यूलॉजिक. २४ पोर्टांचा स्विच घेतला तरी सुरुवातीला आठच पोर्ट उघडलेले मिळतात. पुढचे उघडायला लायसन्स. तुमच्या बेंगळूरच्या कोटेशनात हे नीट पाहा. तीन सर्व्हर आणि स्टोरेजचे दोन कंट्रोलर (त्याचा कारभार पाहणारे भाग) आठांत बसतात. सहा सर्व्हर झाले की प्रत्येक स्विचवर सहा पोर्ट सर्व्हरचे आणि किमान दोन स्टोरेजचे, म्हणजे आठही भरले. सातवा सर्व्हर किंवा बॅकअपचा सर्व्हर आला की नवं लायसन्स, तेही दोन्ही स्विचांना.

आणि ते बिघडतं तेव्हा गुपचूप बिघडतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत सगळे सर्व्हर एकाच वेळी मंद झाले होते. स्टोरेज तपासलं, ठीक. स्विच तपासला, एकही एरर नाही. दोन दिवसांनी सापडलं की एका जुन्या सर्व्हरचं कार्ड डेटा उचलत होतं, पण फार सावकाश. म्हणजे एका ट्रॅक्टरची ट्रॉली गव्हाणीसमोर अडकली, तो रिकामा होईना, चिठ्ठ्या परत येईनात, आणि मागची सगळी रांग उभी. या प्रकाराला स्लो ड्रेन म्हणतात. एकही फ्रेम हरवत नाही म्हणून एररचा दिवा लागत नाही. क्रेडिट किती वेळ शून्यावर होतं हे दाखवणारा काउंटर स्विचमध्ये असतो, तो पाहायचा हे माहीत असलं तर अर्ध्या तासाचं काम. बेळगावात तो काउंटर पाहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यांतली बरीच शनिवारी-रविवारी फोन उचलत नाहीत. मीही नाही.

(मच्छे किंवा काकतीच्या कारखान्यातून शहरातल्या कार्यालयापर्यंत स्वतःचं फायबर टाकून त्यावर फायबर चॅनेल चालवायचा कुणाचा विचार असेल तर एक हिशोब लक्षात ठेवावा: १६ गिगाबिटवर किलोमीटरमागं साधारण आठ चिठ्ठ्या लागतात. १० किलोमीटरला ऐंशी. तेवढ्या त्या पोर्टला दिल्या नाहीत तर तार रिकामी असूनही वेग मिळत नाही. तुम्हाला हे लागू नाही, पुढं जाऊ.)

आयस्कझीचं प्रकरण उलटं. त्याची मूळ कल्पना साधी: जुनीच स्कझी आज्ञा टीसीपीच्या पाकिटात घालून पाठवायची. २००४ साली ते मानक झालं. विंडोज सर्व्हरमध्ये २००८ पासून ते आतच आहे, वेगळं कार्ड किंवा लायसन्स लागत नाही. आणि ते बदनाम झालं ते तुमच्या तिसऱ्या कोटेशनासारख्या कामांमुळं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे ते कोटेशन का नको हे कळेल. एका साखर कारखान्यात दोन सर्व्हर आणि आयस्कझी स्टोरेज बसवलं होतं, ऑफिसच्याच स्विचवर. स्टोरेजचं व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क) काढलं होतं, पण एका ट्रंक तारेवरून ते कारखानाभर पोचत होतं आणि लूप अडवणारं स्पॅनिंग ट्री बंद होतं. हंगामाच्या ऐन मध्यात, रात्री अकराच्या सुमारास, वजनकाट्याच्या केबिनमधल्या कुणीतरी मोकळी लोंबणारी नेटवर्कची तार "निघालेली दिसतेय" म्हणून त्याच लहान स्विचच्या दुसऱ्या भोकात घातली. दोन्ही टोकं एकाच स्विचला. लूप झाला, ब्रॉडकास्टचा पूर आला, मुख्य स्विचचा प्रोसेसर गुदमरला, आणि सर्व्हरांची स्टोरेजशी ओळख तुटली. व्हर्च्युअल मशीन थिजल्या. वजनकाटा बंद. मी पोचेपर्यंत गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग हायवेला टेकली होती आणि ड्रायव्हर लोक माझ्याकडं ज्या नजरेनं पाहत होते ती विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ठरलं काय, तर "आयस्कझी बेकार आहे." तारेचं नाव कुणी काढलं नाही.

त्याच कारखान्यात पुढं स्टोरेजसाठी दोन स्वतंत्र स्विच घेतले, ऑफिसच्या नेटवर्कशी त्यांची एकही तार नाही. स्टोरेज तेच, प्रोटोकॉल तोच. त्यानंतरचे हंगाम त्यावर सुखरूप पार पडले. फायबर चॅनेलची अर्धी प्रतिष्ठा या वेगळेपणाची आहे. ते वेगळंच घ्यावं लागतं, म्हणून त्याच्यात वजनकाट्याची तार घुसत नाही. तोच वेगळेपणा इथरनेटला दिला तर तेही तसंच वागतं.

बसवताना चुका होतात त्या ठरावीक असतात. दोन स्विचांवर दोन वेगळे सबनेट (पत्त्यांचे गट) ठेवा आणि एक तार गेली की दुसरीवर मार्ग बदलायचं काम सर्व्हरमधल्या मल्टिपाथ सॉफ्टवेअरला करू द्या. दोन तारा एकत्र बांधणारं एलएसीपी स्टोरेजच्या पोर्टांवर लावू नका. जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठं, ९,००० बाइटचं पाकीट) लावायची तर सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज तिन्हीकडं लावा. एका ठिकाणी राहिली की गंमत होते: पिंग चालतं, लॉगिन होतं, लन (स्टोरेजनं दिलेली डिस्क) दिसतो, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं अडकतं. तपासायचं असेल तर पिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून ८,९७२ बाइटचं पाकीट पाठवा (९,००० मधून हेडरचे २८ वजा). ते पोचलं तर जम्बो खरंच चालू आहे. आणि २५ गिगाबिटवर लिंकच येत नसेल तर दोन्ही टोकांची एफईसी (वाटेतल्या चुका दुरुस्त करायची) सेटिंग जुळते का ते पाहा. मी पहिल्या वेळी यापायी दोन चांगल्या तारा खराब म्हणून परत पाठवल्या होत्या.

एफसीओईबद्दल फार लिहीत नाही. २००९ साली मानक झालं, एकाच तारेवर सगळं अशी स्वप्नं दाखवली गेली, आणि बाजार पुढं निघून गेला. कुणी जुनी कार्डं स्वस्तात देत असेल तर नको म्हणा.

रॉकीवर एनव्हीएमई फार वेगवान आहे यात शंका नाही. प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत जातो. पण त्याला ती लेन थांबवायची व्यवस्था नीट राखणारा माणूस लागतो, रोज. जिथं डझनांनी जीपीयू (एकदम खूप गणितं करणारी कार्डं) आहेत तिथं असा माणूस असतो. इन्फिनिबँड या वेगळ्या नेटवर्कचंही तेच. तुमच्याकडं सिस्टीम सांभाळणारे दोघे, आणि त्यांतला एक शाखांचे प्रिंटरही बघतो असं तुम्हीच लिहिलंय.

पुण्याच्या कोटेशनाकडं वळतो, कारण तांत्रिकदृष्ट्या तेच सगळ्यांत आकर्षक आहे. जुन्या सॅटा डिस्कांच्या एएचसीआय पद्धतीत आज्ञांची एकच रांग असते, तिच्यात ३२ आज्ञा मावतात. एनव्हीएमईत रांगा पासष्ट हजारांपर्यंत असू शकतात आणि प्रत्येकीत तितक्याच आज्ञा. फ्लॅशमध्ये फिरणारं काही नसल्यानं एका वेळी शेकडो कामं हाताळता येतात. स्कझीची जुनी चौकट तिथं अपुरी पडते. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ ची, नेटवर्कवरून चालवायची २०१६ ची, आणि टीसीपीवरून चालवायला मान्यता मिळाली २०१८ साली. लिनक्समध्ये ते कर्नल ५.० पासून आहे, व्हीएमवेअरमध्ये ७.० च्या तिसऱ्या अपडेटपासून. साधे इथरनेट स्विच, साधी कार्डं, लेन थांबवायचा उपद्व्याप नाही. पुढची दिशा हीच, असं माझं मत आहे.

अडचण एकच, पण ती तुमच्या कोटेशनात कुठंच लिहिलेली नाही: तुमच्याकडं विंडोज सर्व्हर २०२२ आहे, आणि त्यात एनव्हीएमई ओव्हर टीसीपीचा इनिशिएटर (सर्व्हरच्या बाजूनं स्टोरेजशी बोलणारं सॉफ्टवेअर) आत येत नाही. म्हणजे कुणातरी तिसऱ्याचं सॉफ्टवेअर टाकायचं, आणि मध्यरात्री क्लस्टर पडला की ओएसवाला म्हणणार ड्रायव्हरवाल्याला विचारा, ड्रायव्हरवाला म्हणणार स्टोरेजवाल्याला. पुण्याच्या विक्रेत्याला सरळ विचारा: "आमच्या ओएसवर हे कुणाच्या ड्रायव्हरनं चालणार आणि त्याचा सपोर्ट कोण देणार?" उत्तर लेखी घ्या. तो बहुतेक म्हणेल, "मग सुरुवातीला आयस्कझी लावू." तेच मी म्हणतोय. स्टोरेज त्याचंच घ्या हवं तर, प्रोटोकॉल आजचा घ्या. ओएस बदलाल त्या दिवशी स्विच आणि तारा तशाच राहतील.

आता आपल्या भागाचा म्हणून एक मुद्दा, जो बेंगळूरला किंवा पुण्यात बसून सुचत नाही. करारात 'चार तासांत सुटा भाग' असं छापलेलं असतं. बेळगावहून पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, बेंगळूर पाचशे. चार तासांत फोन येतो, भाग येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ पुराच्या पाण्यानं महामार्ग बंद होता, हे तुम्हाला निपाणीत बसून मी सांगायला नको. २०१९ च्या त्या आठवड्यात उद्यमबागेतल्या एका हायड्रॉलिक्सवाल्यांच्या फायबर चॅनेल स्विचचा पॉवर सप्लाय गेला होता. पुण्याहून निघालेला भाग पाण्याच्या पलीकडंच अडकला. अ फॅब्रिक मेलेलं, ब फॅब्रिकवर कारखाना चालू, आणि आम्ही रोज सकाळी ब कडं पाहून नमस्कार करायचो. दोन फॅब्रिक खरोखर वेगळे होते म्हणून उत्पादन थांबलं नाही. पण ब गेलं असतं तर गावात मागून आणावा असा स्विच कुणाकडं नव्हता.

इथरनेटचं इथं जमतं. २५ गिगाबिटचा स्विच खडेबाजारात मिळत नाही, खरं आहे. पण तो पोर्ट बहुधा १० गिगाबिटवरही चालतो (कार्ड घेताना खात्री करून घ्या), आणि १० गिगाबिटचा स्विच शहरातल्या एखाद्या कॉलेजातून, हॉस्पिटलातून, ओळखीनं चार दिवसांसाठी मिळू शकतो. वर हिशोब केलाय, तुमच्या कामाला १० पुरतं. शिवाय एकाच रॅकमध्ये सगळं असेल तर काचेच्या फायबरऐवजी तांब्याच्या तयार तारा लावा, ज्यांना डीएसी म्हणतात. तीन मीटरपर्यंत निर्धास्त. त्यांना धूळ बसायला काच नसते. उद्यमबागेत फाउंड्रीची बारीक काळी धूळ फायबरच्या टोकावर बसून लिंक अर्धवट चालण्याचे प्रकार मी इतके पाहिलेत की एसएफपीला (फायबर जोडायच्या मॉड्यूलला) टोपी न घालता खिशात ठेवणाऱ्या पोरांवर ओरडायची सवयच लागलीय. तुमची जागा फाउंड्रीत नाही, पण शेजारी इमारतीचं बांधकाम चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. जास्तीच्या दोन तारा आणि एक कार्ड कपाटात ठेवा.

एक पर्याय कुणीच तुम्हाला दिला नाही, तोही सांगतो. तीनच सर्व्हर कायम राहणार असते तर मी स्विचच नको म्हटलं असतं. लहान स्टोरेजला दोन कंट्रोलर आणि प्रत्येकाला चार पोर्ट असलेली मॉडेलं सर्रास मिळतात. प्रत्येक सर्व्हरमधून एक तार एका कंट्रोलरला, दुसरी दुसऱ्याला. चार सर्व्हरांपर्यंत जमतं, सॅस (डिस्का थेट जोडायची पद्धत) किंवा फायबर चॅनेल दोन्हींवर. बिघडायला मध्ये काही नाहीच. तुमचे सहा होणार म्हणून हा रस्ता बंद, पण विलीनीकरण बारगळलं तर आठवण ठेवा.

चेअरमनसाहेबांनी विचारलेला कोल्हापूरचा प्रश्न: तिकडं दुसरी सर्व्हर रूम करून दोन्हीकडं एकाच वेळी डेटा लिहायचा का? फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. बेळगाव-कोल्हापूर रस्त्यानं ११० किलोमीटर धरा, जाऊन-येऊन १.१ मिलिसेकंद, आणि तारेचा मार्ग रस्त्याहून लांबच असतो. स्कझीच्या लेखनात आधी "पाठवू का?", "पाठव", मग डेटा, मग "मिळाला", अशा दोन फेऱ्या होतात. त्या वाचवायची सोय स्टोरेजमध्ये नसेल तर प्रत्येक लेखनाला २ मिलिसेकंदांहून जास्त भर. फ्लॅश घेऊन जे कमावलं ते इथं गमावलं. तुमच्यासाठी काही मिनिटं मागं चालणारी असिंक्रोनस प्रत पुरेशी आहे. एसक्यूएलची लॉग शिपिंगही (डेटाबेसच्या नोंदी ठरावीक वेळानं दुसरीकडं पाठवणं) चालेल, त्याला सॅनची महागडी लायसन्स लागत नाहीत. आणि जागा मी हुबळीला घेईन. अंतर साधारण तेवढंच, पण वेदगंगा, दूधगंगा मध्ये नाहीत.

ऑर्डर देताना एवढं लिहून घ्या: दोन्ही स्विच वेगवेगळ्या यूपीएसवरून चालतील, स्टोरेजचे सगळे पोर्ट पहिल्या दिवसापासून उघडे असतील, एनव्हीएमई ओव्हर टीसीपीचं लायसन्स पुढं लागलं तर त्याचा दर आजच ठरेल, आणि शेवटचे पंचवीस टक्के पैसे चाचणीनंतर. चाचणी म्हणजे एसक्यूएलवर ताण चालू असताना आधी एक तार उपटायची, मग एक अख्खा स्विच बंद करायचा, मग एक कंट्रोलर. प्रत्येक वेळी किती सेकंद सगळं थांबलं ते घड्याळ लावून लिहायचं. विक्रेता "लाइव्हवर असं करत नाहीत" म्हणेल. म्हणून लाइव्ह करायच्या आधी करा.

मोजणीचे आकडे आले की पाठवा, मग स्टोरेजमध्ये किती फ्लॅश लागेल ते बघू. आणि तार उपटायच्या दिवशी मला बोलवा. रविवारी फोन उचलत नसलो तरी त्या कामाला येतो.